एकाच लिलाव-विक्रेत्याभोवती अफिलिएट संकेतस्थळ कसे उभारावे

ईबे या लिलाव आणि विक्रीच्या आंतरराष्ट्रीय बाजारपेठेचे भारतीय संकेतस्थळ 14 ऑगस्ट 2018 रोजी बंद झाले. त्यामुळे नागपुरात बसून ईबे पार्टनर नेटवर्क या अफिलिएट कार्यक्रमात, म्हणजे आपल्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कमिशन देणाऱ्या योजनेत, काम करायचे असेल, तर ग्राहक परदेशातला आणि बहुधा विक्रेताही परदेशातलाच असणार, हे आधी मनाशी पक्के करावे. मजकूर इंग्रजीत लिहावा लागेल. काम मात्र आपल्या ओळखीचेच आहे. सीताबर्डीतल्या किंवा इतवारीतल्या एखाद्या दुकानदाराकडे आपण पाहुण्याला विश्वासाने पाठवतो, तेव्हा त्याचा माल आपण स्वतः पारखलेला असतो. येथेही तेच करायचे आहे.

एका प्रकारच्या मालाचे सगळे लिलाव एकत्र दाखवणारे संकेतस्थळ ईबेच्या स्वतःच्या शोधापेक्षा वेगळे काहीच देत नाही, आणि अशा पोकळ अफिलिएट पानांना गूगल शोधात मागे टाकते. एका विक्रेत्याचे तसे नसते. त्याची एक आवड असते, मालाचे वर्णन करण्याची पद्धत असते, पुन्हापुन्हा येणारे ग्राहक असतात. या सगळ्याविषयी लिहिण्यासारखे खूप असते आणि ते दुसरीकडे कुठे लिहिलेले नसते.

विक्रेता निवडताना आपल्याला ज्या विषयातले कळते, त्याच विषयातला निवडावा. मला टपाल तिकिटांची आवड आहे, म्हणून भारतीय संस्थानांची तिकिटे विकणाऱ्या ब्रिटनमधील विक्रेत्यांचे उदाहरण घेतो. भोर संस्थानाची तिकिटे 1879 मध्ये निघाली. नागपूर ज्यांची राजधानी होते त्या मध्य प्रांतातील नांदगाव संस्थानाची, म्हणजे आजच्या राजनांदगावची, 1892 मध्ये निघाली. अशा तिकिटांच्या नकला फार आहेत. त्यामुळे खरे तिकीट आणि नक्कल यांतला फरक वर्णनात स्पष्टपणे सांगणारा विक्रेता सापडला, तर संकेतस्थळाचा पाया तिथेच घातला जातो.

निवड पक्की करण्याआधी महिनाभर त्या विक्रेत्याचा माल पाहावा आणि वहीत नोंदी कराव्यात. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी (फिल्टर) लावली की साधारण मागच्या 90 दिवसांतील भाव दिसतात. आठवड्याला किती लिलाव लागतात, किती वस्तू बोलीविना परत जातात, सरासरी भाव किती येतो, हे त्यावरून आणि वहीतल्या नोंदींवरून कळते. फीडबॅकची टक्केवारी मागच्या बारा महिन्यांची असते. ती पाहून थांबू नये, नकारात्मक अभिप्राय वाचावेत आणि विक्रेत्याने त्यांना कोणत्या भाषेत उत्तर दिले आहे तेही पाहावे. माझ्या मते विक्रेत्याची खरी पारख तिथेच होते. हिशोबही याच वेळी मांडावा. कमिशनचा दर मालाच्या वर्गानुसार बदलतो. तो 3 टक्के धरला, तर 5 डॉलरच्या तिकिटामागे 15 सेंट आणि 60 डॉलरच्या तिकिटामागे 1 डॉलर 80 सेंट हाती येतात. स्वस्त माल विकणारा विक्रेता कितीही सज्जन असला, तरी त्याच्याभोवती उभारलेल्या संकेतस्थळाचा खर्च निघणे अवघड असते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. ईबेवरील लिलाव 1, 3, 5, 7 किंवा 10 दिवसांचा असतो आणि मुदत संपली की त्या पानाचा उपयोगही संपतो. मी पहिल्या वेळी प्रत्येक लिलावावर वेगळा लेख लिहून त्याला लिंक जोडली होती. दहा दिवसांनंतर त्यांतली एकही लिंक वाचकाला विकत घेण्याजोग्या वस्तूपर्यंत नेत नव्हती, आणि महिन्याभराचे लिखाण वाया गेले याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी संकेतस्थळाचे दोन थर वेगळे ठेवतो. वरचा थर कायमच्या लेखांचा: संस्थानी तिकिटांचे प्रकार, नकली ओळखण्याच्या खुणा, हा विक्रेता दर्जा कसा लिहितो, पाठवणी कशी करतो, परत घेण्याची त्याची अट काय आहे. खालचा थर चालू लिलावांचा, आणि तो हाताने न भरता ईबेच्या ब्राउझ एपीआयकडून, म्हणजे ईबेवरील मालाची माहिती आपल्या संकेतस्थळाला आपोआप पुरवणाऱ्या सोयीकडून, भरून घ्यावा. त्यात विक्रेत्याच्या नावाची गाळणी लावता येते. मात्र ही एपीआय आपण वेगळे सांगितले नाही तर फक्त ठरावीक किमतीचा माल दाखवते, लिलाव दाखवत नाही; म्हणून खरेदी-प्रकारात लिलाव हा पर्याय आवर्जून द्यावा आणि लवकर संपणारे लिलाव आधी येतील असा क्रम लावावा. इतरांच्या जुन्या लेखांमध्ये सापडणारी ईबेची फाइंडिंग एपीआय 2025 मध्ये बंद झाली आहे, तिच्या मागे लागू नये. प्रोग्रामिंग येत नसेल, तर त्या विक्रेत्याचा सगळा माल दाखवणाऱ्या पानाची अफिलिएट लिंक प्रत्येक लेखाखाली दिली तरी काम भागते.

लिंक विक्रेता ज्या देशाच्या ईबेवर आहे त्याच ईबेची असावी. तिच्यात आपला कॅम्पेन आयडी, म्हणजे कमिशन आपल्या नावावर जमा होण्यासाठीची ओळखसंख्या, असतोच. शिवाय कस्टम आयडीत, म्हणजे लिंकला आपली स्वतःची खूण जोडण्याच्या जागेत, लेखाचे नाव घालावे, म्हणजे कोणत्या लेखामुळे विक्री झाली ते अहवालात दिसते. लिलावाच्या बाबतीत ग्राहकाने क्लिकनंतर 24 तासांत बोली लावावी लागते आणि दहा दिवसांत तो लिलाव जिंकावा लागतो, तरच कमिशन मिळते. म्हणून वेळेला महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये रविवारी रात्री आठला संपणारा लिलाव नागपुरात उन्हाळ्यात सोमवारी पहाटे साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला संपतो. आपले पान रविवारी दुपारपर्यंत तयार असेल, तर तिकडच्या सकाळी वाचक येतो तेव्हा ते उपयोगी पडते.

काम सुरू करण्यापूर्वी विक्रेत्याला ईबेवरूनच संदेश पाठवून आपला हेतू कळवावा. हे कमिशन ईबे देते, त्याच्या खिशातून जात नाही, हे त्याला स्पष्ट लिहावे, कारण पहिली शंका तीच असते. त्याने काढलेली छायाचित्रे परवानगीशिवाय उतरवून घेऊ नयेत. डोमेनच्या नावात ईबे हा शब्द घालण्यास कार्यक्रमाच्या नियमांनुसार मनाई आहे, आणि आपल्याच लिंकवरून स्वतः खरेदी करूनही चालत नाही. खरेदीवर आपल्याला कमिशन मिळते, हे वाक्य लिंकच्या जवळच, वाचकाच्या नजरेस पडेल असे लिहावे. प्रत्येक अफिलिएट लिंकच्या एचटीएमएल कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा गुणधर्म द्यावा, म्हणजे ती मोबदल्याची लिंक आहे हे गूगलला कळते.

विक्रेता भारतातला असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. भोसलेकालीन नाणी परदेशी पाठवण्याची तयारी दाखवणाऱ्या विक्रेत्याची लिंक, भाव कितीही मोठा असला, तरी देऊ नये.

मिळालेल्या कमिशनवर आयकर लागतो. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, तेव्हा पहिल्याच वर्षी सनदी लेखापालाला भेटून घ्यावे.

डोमेनला विक्रेत्याचे नाव न देता विषयाचे नाव द्यावे. विक्रेते दुकान बंद करतात, आजारी पडतात, दुसरीकडे जातात. संकेतस्थळ संस्थानी तिकिटांच्या नावाने असेल, तर अशा वेळी खालच्या थरातील गाळणीत नव्या विक्रेत्याचे नाव घालावे लागते, जुन्या विक्रेत्याविषयीचे तीन-चार लेख नव्याने लिहावे लागतात आणि बाकीचे लेख जागचे हलवावे लागत नाहीत.