गरम पाणी तांबडं येतंय? गीझर बदलण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीवरून घरी आलो, सकाळी गरम नळ सोडला, तर पहिला मग चहासारखा. प्लंबरने पाण्यात बोट बुडवलं आणि निकाल देऊन टाकला, "टाकी सडली, नवा गीझर घ्या." घेतला. आठवड्याभरात पाणी पुन्हा तांबूस. टाकी मुळात ठणठणीत होती. गंज होता गरम पाण्याच्या तोंडाशी बसवलेल्या बोटभर लांबीच्या लोखंडी निपलला, म्हणजे गीझर आणि पाइप जोडणाऱ्या नळीच्या तुकड्याला, आणि तोच निपल नव्या गीझरलाही लावला गेला होता.

तर पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे न तपासता गीझरवर खापर फोडणं. रात्रभर पाणी वापरू नका. सकाळी दोन पांढऱ्या बादल्या घ्या, एक थंड नळाखाली, एक गरम. थंड पाणीही तांबूस असेल तर गीझरचा संबंध नाही. गच्चीवरची टाकी, जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) लाइन किंवा बोअर बघा. गरम पाणी पहिले एक-दोन मगच लाल आणि मग स्वच्छ असेल, तर गंज पाइपात किंवा निपलमध्ये आहे. शेवटपर्यंत लालच येत राहिलं, तर मात्र गीझरच्या टाकीवर संशय घ्या. एकाच बाथरूममध्ये तक्रार असेल तर आधी नळाची जाळी काढून धुवा. सोसायटीत सोलर असेल तर गच्चीवरून खाली येणारी गरम लाइन लोखंडी आहे का, हेही विचारा.

बोअरच्या पाण्याची गंमत वेगळी आहे. त्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही. हवा लागली की ते गंजासारखं पिवळट-लाल होतं आणि पाणी तापवलं की हे आणखी भरभर घडतं. म्हणून थंड पाणी स्वच्छ, गरम लाल, आणि बोल लागतो गीझरला! थंड पाणी काचेच्या उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा. सकाळी पिवळट झालं किंवा तळाशी गाळ बसला, तर गीझर कितीही बदला, उपयोग नाही. लोह काढणारा फिल्टर सोसायटीच्या मुख्य लाइनवरच हवा. लिटरमागे 0.3 मिलीग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर आणि फरशीवर डाग पडू लागतात.

असे डाग ब्लीचने घासू नका, ते उलट पक्के होतात. लिंबूसत्त्वाचं पाणी लावून थोडा वेळ ठेवा, मग धुवा. संगमरवरावर मात्र तेही नको, दगड खाल्ला जातो.

आता टाकी. बहुतेक गीझरची टाकी पोलादी असते, आतून काचेसारखा लेप दिलेली. लेपाला बारीक चीर गेली तरी पोलाद वाचावं म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते. क्षारांच्या पाण्यात ती लवकर संपते आणि मग गंज टाकीला धरतो. सर्व्हिसिंगला येणारा माणूस कॉइलवरचा पांढरा थर खरवडतो आणि निघून जातो, कांडीकडे बघतही नाही. वर्षा-दोन वर्षांनी ती उघडून दाखवायला सांगा. आतली तार दिसू लागली असेल तर बदला. गीझरच्या मानाने खर्च किरकोळ. तांब्याची टाकी असेल तर लाल गंजाचा प्रश्नच नाही. आजीच्या बंबालासुद्धा कळकट हिरवं चढायचं, लाल नाही. तिथे दोष दुसरीकडे शोधा.

टाकीतला गाळ काढताना घाई नको. आधी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद, पाणी थंड होऊ द्या, मगच खालून सोडा. अ‍ॅसिड आत ओतू नका. पुन्हा भरल्यावर गरम नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका, कोरड्या टाकीत कॉइल जळते. आणि जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच तर कधीच मारू नका, टाकी फुटू शकते.

कांडी बदलली, गाळ काढला, तरी पाणी लालच आणि टाकीच्या बुडाशी ओल दिसते? मग ती टाकी गेली. वेल्डिंग करायला जाऊ नका, आतला लेप जळतो. नवा गीझर घ्या, निपल पितळेचे मागा, आणि जुनाच निपल पुन्हा चढत नाही ना, हे प्लंबरजवळ उभं राहून बघा.