एकबारी रायफल मागवण्याआधी

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी शार्प्स किंवा रोलिंग ब्लॉक या एकोणिसाव्या शतकातल्या, एका वेळी एकच काडतूस भरायच्या अमेरिकी रायफलींची नवी प्रतिकृती घ्यायचं मनात असेल, तर कॅटलॉग तूर्त मिटा आणि आपल्या राज्याची यंदाची शिकार नियमावली उघडा. ओहायोत हरणाला सरळ भिंतीच्या (गोळीजवळ अरुंद न होणाऱ्या) काडतुसाची रायफल चालते, म्हणजे या रायफलींचं जुनं .45-70 काडतूस बसते. मिसिसिपीच्या ‘प्रिमिटिव्ह’ हंगामात, म्हणजे जुन्या धर्तीच्या हत्यारांसाठी राखलेल्या दिवसांत, उघड्या घोड्याची (बाहेर दिसणाऱ्या हॅमरची), जुन्या धर्तीची एकबारी रायफलही चालते. बऱ्याच राज्यांत मात्र असा हंगाम तोंडाकडून भरायच्या बंदुकांपुरताच असतो. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे, म्हणजे निम्मी हौस तिथेच संपली.

कागदपत्रं त्याच बैठकीत उरका. दिसायला 1874 ची असली, तरी .45-70 ची प्रतिकृती कायद्याच्या लेखी आजचीच बंदूक. ती परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून आणि तपासणी होऊनच मिळते. आपल्यापैकी जे एच-1बी व्हिसावर आहेत त्यांना तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे. चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा (सुरक्षित शिकारीच्या शिक्षणाचा) वर्ग, मग परवाना, मग बंदूक.

आता रानाकडे बघा. 405 ग्रेनची (सुमारे 26 ग्रॅमची) .45-70 गोळी जुन्या भारावर, म्हणजे दारूच्या जुन्या मापावर, सेकंदाला 1,300 फुटांच्या आसपास निघते. 100 यार्डांवर नेम बसवला, तर 200 वर ती दोनेक फूट खाली लागते. अंतर ओळखण्यात वीस-तीस यार्डांची चूक झाली की जनावर जखमी होऊन निसटतं. बिली डिक्सन या रानगव्यांच्या शिकाऱ्याने 1874 मध्ये टेक्सासातल्या अ‍ॅडोब वॉल्सच्या लढाईत पाऊण मैलापलीकडचा माणूस शार्प्सने पाडला, हे खरं. पण तो स्वतःही त्याला नशीबच म्हणायचा. शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे बार काढायचा नाही, असं धरूनच निवड करा.

तेवढ्या अंतराला 32 इंची अष्टकोनी जड नळी लागत नाही. शार्प्स तशा नळीसह पाच किलोंच्या घरात जाते. मचाणावर ठीक, चढावर नको. चालत शिकार करणाऱ्याने 26-28 इंची नळीची रोलिंग ब्लॉक बघावी: घोडा मागे, ब्लॉक मागे, काडतूस आत, एवढाच कारभार. बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या रचनेची विंचेस्टरची 1885 ची हाय वॉल सर्वांत भक्कम. ट्रॅपडोअर (अमेरिकी लष्कराची जुनी, वर उघडणाऱ्या झडपेची रायफल) देखणी खरी, पण तिला फक्त हलक्या भाराचीच काडतुसं, आजची जोरकस .45-70 त्यात घालणं म्हणजे डोळ्यांशी खेळ.

नेमासाठीची उंच व्हर्नियर साइट (बारीक मापाची मागची साइट) फोटोत शोभते. झाडीतल्या संध्याकाळी मोठ्या भोकाची पीप (भोकातून बघायची मागची साइट) आणि जाड माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) कामाला येते. दुहेरी चाप असेल तर मागचा ओढल्यावर पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो, तेव्हा हातमोजे घालून सराव हवाच.

काडतुसांत काळी दारू (जुन्या काळची धूर करणारी बंदुकीची दारू) स्वतः भरणार असाल, तर काडतुसात गोळीखाली पोकळी राहू देऊ नका, आणि काळ्या दारूच्या मापाने धूरविरहित दारू कधीही भरू नका, बंदूक फुटेल. काळ्या दारूची राख दमट हवेतलं पाणी ओढते, म्हणून त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावायचं.

हंगामाआधी बसून, काठ्यांच्या आधाराने नेमबाजी करा. थंड, स्वच्छ नळीतली पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं टिपून ठेवा. राख बसल्यावर लागण्याची जागा बदलू शकते आणि हरणावर बहुधा ती पहिलीच सुटते.