आई-बाबांच्या गोळ्यांचा घोळ: डबा आणायच्या आधी काय करायचं

मी सगळ्यात आधी गोळ्या ठेवायचा डबाच आणला होता. 7 दिवस, रोजचे 4 कप्पे, एकूण 28 झाकणं. आईच्या हातात दिला आणि मला वाटलं सुटले. दोन महिन्यांनी तिला उठलं की गरगरायला लागलं, बीपी पार खाली, मग घरातल्या सगळ्या पिशव्या पलंगावर उलट्या केल्या तेव्हा कळलं की टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी, ती दोन वेगळ्या नावांनी घेत होती, एक फॅमिली डॉक्टरांची आणि एक गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लिहून दिलेली, आणि दोन्ही गोळ्या डब्यात अगदी नीट मीच भरत होते.

म्हणून पहिलं काम पलंगावर पिशव्या उलट्या करणं हेच. फ्रीजच्या दारातलं, पर्समधलं, बिस्किटाच्या जुन्या डब्यातलं सगळं काढा, डोळ्यांचे ड्रॉप, चूर्ण, काढे, शेजारच्या काकूंनी "मला बरं वाटलं हो" म्हणून दिलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा. स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेलं नाव असतं, ते सोडा, आतल्या औषधाचं म्हणजे घटकाचं नाव वाचा. तोच घटक दोनदा दिसला तर आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणखी एक म्हणजे मेडिकलवाला अर्धी स्ट्रिप कापून देतो तेव्हा एक्सपायरी बऱ्याचदा दुसऱ्या तुकड्यावर राहते, म्हणून पूर्ण स्ट्रिपच घ्या नाहीतर तिथेच फोटो काढा.

मग एकच यादी करायची. घटकाचं नाव, किती एमजी, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. डॉक्टरांच्या कागदावरचं ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागली तरच. एक प्रत फ्रीजवर, एक पर्समध्ये, फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ही यादी दाखवून डॉक्टरांना सरळ विचारा की चार वेळांच्या दोन किंवा तीन करता येतील का, कधीकधी होतं, आणि ते झालं की अर्धी कटकट संपते.

वेळ घड्याळापेक्षा सवयीला बांधलेली बरी. आमच्याकडे थायरॉइडची गोळी तोंड धुतल्यावर लगेच, रिकाम्या पोटी, मग देवपूजा, मग चहा, म्हणजे मधला अर्धा-पाऊण तास आपोआप जातो. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून 4 तास तरी लांब, म्हणून ती दुपारच्या जेवणावर. शुगरची मेटफॉर्मिन जेवणासोबत. उपवासाचं मात्र आधीच विचारून ठेवा. शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेऊन काहीच खाल्लं नाही तर शुगर एकदम खाली येते, आणि एकादशीला आई ऐकणार नाही हे आपल्याला माहीत असतंच.

आता डबा. विकत घ्यायच्या आधी ज्यांना वापरायचाय त्यांच्याकडून झाकण उघडून बघा, संधिवाताच्या बोटांना ती छोटी झाकणं हलतच नाहीत. वारांची इंग्रजी अक्षरं असतात, त्यात दोन एस आणि दोन टी, म्हणजे मंगळवार की गुरुवार कळत नाही, मी पर्मनंट मार्करने सो, मं, बु असं लिहून सूर्य-चंद्र काढलेत. डबा गॅसजवळ नको, बाथरूममध्ये नको. एकावेळी आठवड्याचंच भरा, पावसाळ्यात तर नक्कीच.

सगळंच डब्यात जात नाही. फिटवरची व्हॅल्प्रोएट ओलावा ओढून घेते, रक्त पातळ ठेवणारी डॅबिगॅट्रान मूळ पॅकिंगमध्येच ठेवायची असते, न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्रीला. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी कायम हाताशी. आणि स्ट्रिपचे एकेक चौकोन कापून डब्यात टाकू नका, नजर कमी असलेलं माणूस फॉइलसकट गिळतं, घशाला इजा होते. सांधेवाताची मेथोट्रेक्सेट बहुतेकांना आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, तिचा वार यादीत लाल पेनने लिहा.

अलार्मबद्दल माझं मत फार चांगलं नाही. फोन वाजतो, बाबा बंद करतात, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, गोळी राहते. अलार्मला नुसती रिंग न ठेवता आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, "बाबा, दुपारची गोळी, डब्याशी जा". आणि घेतल्यावर रिकाम्या कप्प्याचा फोटो ग्रुपवर. आधी ते चिडतील, "मी काय लहान आहे का?" म्हणतील. मग आपणही आपल्या व्हिटॅमिन डीचा फोटो टाकायचा, चालतं.

ज्यांना विसरून दुसऱ्यांदा घ्यायची सवय लागलीय, स्मृतिभ्रंश सुरू झालाय, त्यांच्यासाठी कुलूपवालं मशीन बघा. आत गोल फिरणारी चकती, वेळ झाली की एकच कप्पा पुढे येतो, गोळी काढेपर्यंत वाजत राहतं, काही मॉडेल मुलांच्या फोनवर मेसेजही टाकतात. 28 कप्प्यांचं असेल तर दिवसातून दोनदा गोळ्या असल्यास 14 दिवस चालतं. पण भरायला माणूस लागतोच, लाइट गेली तर बॅटरीवर चालतं का तेही विचारा, आणि बाकीचा साठा कपाटात कुलूपबंद, नाहीतर मशीन एकीकडे आणि स्ट्रिप दुसरीकडे.

गोळी चुकलीच तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. किती उशिरापर्यंत घेतली तर चालेल हे प्रत्येक गोळीचं वेगळं, डॉक्टरांना विचारून यादीतच लिहा.

रविवारी डबा भरताना आधी उरलेल्या गोळ्या बघा आणि कुठला कप्पा सारखा उरतो ते शोधा. आमच्याकडे दुपारचाच उरायचा, कारण आई तेव्हा भजनी मंडळात असायची, मग पर्समध्ये छोटी डबी दिली. एकाने भरायचं, दुसऱ्याने यादी घेऊन मोजायचं. आमच्याकडे मोजायचं काम बाबांकडे आहे आणि गेल्या रविवारी त्यांना बुधवारची रात्र रिकामी सापडली, भरली मीच होती.