शिट्ट्या मोजू नका : खोलीवर स्वयंपाक करणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळायच्या चुका

गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीपासून थेट कोकण-सोलापूरपर्यंतची मुले-मुली शिकायला कोल्हापुरात येतात, पहिले काही महिने मेसचा डबा खातात आणि मग दोघे-तिघे मिळून खोलीवरच शिजवायचे ठरवतात. हा निर्णय मला मनापासून आवडतो. राजारामपुरीतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर विद्यार्थीच राहतात, त्यामुळे त्यांच्या पहिल्या आमटीपासून पहिल्या मटणापर्यंतचे सगळे प्रयोग मी जवळून पाहते. मुले बदलतात, चुका मात्र बदलत नाहीत. त्यांतील बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समज असतो, तो म्हणजे आच मोठी ठेवली की स्वयंपाक लवकर होतो. हा समज सुटला, तर पुढचे निम्मे लेखन वाचण्याची गरज उरणार नाही.

सर्वांत आधी कुकर. ‘डाळीला किती शिट्ट्या?’ हा मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. कुकरच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोने वाढला की शिट्टीचे वजन उचलले जाते आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. त्या दाबाला आतले पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. एकदा तो दाब आला की गॅस कितीही मोठा केला तरी आतले तापमान वाढत नाही. फक्त शिट्ट्या भराभर होतात, पाणी आटते आणि गॅस वाया जातो. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत पाच शिट्ट्या होतात, तर बारीक आचेवर तेवढ्याच वेळात एकही होत नाही, आणि तरीही दोन्हीकडे डाळ जवळपास सारखीच शिजलेली असते. म्हणून शिट्ट्या मोजू नका, मिनिटे मोजा. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करावा. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला तिथून दहा-बारा मिनिटे पुरतात आणि भाताला पाच. मग गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्यावा. भुकेच्या घाईने कुकर नळाखाली धरणारी मुले मी पाहिली आहेत. दाब एकदम उतरला की आतली डाळ उसळून वर येते आणि नळीत अडकते. एवढे करून वाचतात ती फार तर दहा मिनिटे.

याच कुकरची एक हकिकत सविस्तर सांगितली पाहिजे. वरच्या खोलीतील दोन मुले, दोघेही अभियांत्रिकीचे विद्यार्थी, टोमॅटो घालून मसुराची आमटी करत होती. तीन लिटरचा कुकर त्यांनी जवळजवळ गळ्यापर्यंत भरला होता. बराच वेळ वाफेचा बारीक आवाज येत होता, मग तोही थांबला. त्यांच्यातील एक जण जिन्यातून खाली वाकून म्हणाला, “काकू, कुकर शिट्टीच देईना झालाय, गॅस मोठा करू काय?” मी त्याला आधी रेग्युलेटर बंद करायला लावले आणि दोघांनाही खोलीबाहेर बोलावले. बऱ्याच वेळाने कुकर पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडले, तेव्हा शिट्टीच्या नळीच्या तोंडाशी टोमॅटोची गुंडाळलेली साल आणि मसुराचा फेस घट्ट बसलेला होता. पण खरा धक्का पुढेच होता. झाकणावर जिथे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तिथे एक नट-बोल्ट वॉशर लावून आवळलेला होता. काही दिवसांपूर्वी पाणी आटून मूळ व्हॉल्व्ह वितळला होता, आणि नवा आणण्याऐवजी उद्यमनगरात कामाला असलेल्या एका मित्राकडून त्यांनी ही ‘कायमची दुरुस्ती’ करून घेतली होती.

सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला म्हणजे कुकर बिघडला, असे मुलांना वाटते. वास्तविक त्याने त्याचे काम केलेले असते. त्याच्यातील मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळावा आणि कोंडलेल्या वाफेला वाट मिळावी, यासाठीच तो तिथे असतो. तिथे बोल्ट बसवला आणि वरची नळीही चोंदली, तर वाफेला जायला जागा उरत नाही. शिकलेल्या मुलांनी थोडक्या पैशांसाठी असा आडमार्ग काढावा, याचा मला आजही राग येतो. व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग या दोन्ही गोष्टी भांड्यांच्या कोणत्याही दुकानात मिळतात. आपल्या कुकरच्याच कंपनीच्या आणि त्याच मापाच्या घ्याव्यात, जुना नग सोबत न्यावा. झाकणाच्या कडेने वाफ निघू लागली की रिंग ताणून किंवा गार पाण्यात बुडवून वापरत राहू नये, ती बदलावी. डाळ आणि भात फुगतात, म्हणून त्यांच्यासाठी कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. इतर पदार्थांसाठी दोन तृतीयांश ही मर्यादा धरावी. माझी स्वतःची सवय अशी आहे, की झाकण लावण्यापूर्वी मी ते दिव्याकडे धरते आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो की नाही ते पाहते. नंतरही शिट्टी लगेच लावत नाही. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की मगच वजन ठेवते, म्हणजे वाट मोकळी असल्याची खात्री होते. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

डाळ शिजतच नाही, ही तक्रार वेगळी. चिंच, आमसूल किंवा भरपूर टोमॅटो सुरुवातीलाच घातला तर आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. आंबट नेहमी शेवटी घालावे. बोअरच्या जड पाण्यातही डाळ लवकर शिजत नाही, अशा वेळी शिजवण्यापुरते पिण्याचे पाणी घ्यावे. खायचा सोडा टाकून डाळ मऊ करण्याचा उपाय मला पसंत नाही, त्याने चवही जाते आणि जीवनसत्त्वेही.

भाताच्या पाण्याविषयी एवढेच सांगते, की तांदूळ नवा की जुना हे दुकानदाराला विचारून घ्यावे. जुन्या तांदळाला दुप्पट पाणी चालते. इंद्रायणी किंवा आजऱ्याचा घनसाळ नवा असेल तर तेवढ्या पाण्यात गिचका होतो.

आता इंडक्शन शेगडी. गॅसची कटकट नको म्हणून पुष्कळ मुले ती घेतात, आणि घेताना फक्त किंमत पाहतात. शेगडीवर २००० वॅट लिहिलेले असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टला त्याचा अर्थ जवळपास पावणेनऊ अँपिअर इतका प्रवाह. खोलीतील साधा, मोबाइल चार्जर लावायचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो, म्हणजे तो फार तर चौदाशे वॅटपर्यंतचे उपकरण सोसतो. मुले अडॅप्टर लावून तिथेच शेगडी जोडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डावर शेगडी आणि पाणी तापवायची किटली दोन्ही लावतात. आमच्याच एका खोलीत अशा बोर्डाचे प्लॅस्टिक मऊ होऊन प्लगची पिन त्यात रुतून बसली होती. भिंत काळवंडली आणि नशिबाने तेवढ्यावरच भागले. इंडक्शन सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच, थेट भिंतीत लावावी. तो सॉकेट खोलीत नसेल तर घरमालकांना सांगून बसवून घ्यावा, आणि तोपर्यंत शेगडी खोक्यातच ठेवावी. खोली बघायला गेल्यावर मुले वायफाय विचारतात, सॉकेट कुणीच विचारत नाही.

शेगडी आणल्यावर दुसरी निराशा पुढे येते. आईने घरून दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असा, सपाट बुडाचा धातू लागतो. भांडे घ्यायला जाताना खिशात साधा चुंबक ठेवा आणि बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटला तरच ते भांडे घ्या. स्वयंपाक झाल्यावर भिंतीचे बटण लगेच बंद करू नये, आतला पंखा शेगडी गार करत असतो, त्याला दोन-चार मिनिटे चालू द्यावे. शेगडीखाली वर्तमानपत्र अंथरू नये, कारण हवा आत जाण्याची जागा खालीच असते.

माझ्या जिव्हाळ्याचा विषय मात्र कांदा आणि चटणी हा आहे. रीलमध्ये कांदा वीस सेकंदांत गुलाबी होतो. कढईत त्याला मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे लागतात, आणि याला कोणताही पर्याय नाही. आच मोठी केली की कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. मग तो कच्चा वास लपवण्यासाठी मुले मसाला वाढवतात, मसाला जास्त झाला म्हणून पाणी वाढवतात, आणि ‘घरच्यासारखी चव येत नाही’ म्हणत जेवतात. कांद्यात चिमूटभर मीठ घातले तर तो लवकर मऊ होतो, एवढी एकच सवलत मी देते.

त्यानंतरची चूक मला अधिक लागते, कारण ती घरून आलेल्या चटणीची नासाडी करते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धणे आणि खडे मसाले भाजून, कांडून आणलेली ती कांदा-लसूण चटणी आईने बरणी भरून दिलेली असते. मुलगा ती धूर निघणाऱ्या तेलात दोन चमचे टाकतो; क्षणात ती काळी पडते, सगळ्या खोलीला ठसका लागतो आणि रस्सा कडू होतो. ही चटणी आधीच भाजलेली असते, तिला पुन्हा तळायची गरज नसते. कांदा झाला की गॅस अगदी बारीक करावा, चटणी घालावी, चार-सहा वेळा उलथने फिरवावे आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडावे. पाणी आटून तेल कडेने लाल सुटलेले दिसले की मग गरम पाणी घालावे. वर तरंगणारा तो लाल कट हवा असेल तर पाणी गरमच हवे, नळाचे गार पाणी ओतून चालत नाही. चटणीत मीठ असतेच, म्हणून रश्श्यात मीठ उकळी आल्यावर, चव घेऊन घालावे. आणि ओला चमचा बरणीत कधीही घालू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी यायला तेवढे निमित्त पुरते.

भांडी विकत घेताना सेट घेऊ नका. तीन लिटरचा कुकर, एक पातेले, एक लोखंडी कढई, एक लोखंडी तवा, परात, एक चांगली सुरी आणि घट्ट पकडणारी सांडशी एवढ्यावर दोघांचा संसार व्यवस्थित चालतो. नॉन-स्टिकची मला विद्यार्थ्यांसाठी शिफारस करवत नाही. तिचा थर २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवून फोनवर बोलत राहणाऱ्याच्या हातून ते तापमान सहज गाठले जाते. लोखंडी तवा धुतल्यावर गॅसवर ठेवून कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावा, नाहीतर जुलैत एका रात्रीत तांबारतो.

गॅस वापरणाऱ्यांनी रबरी नळी आयएसआय चिन्हाची घ्यावी, तिच्यावरची तारीख पाहावी आणि पाच वर्षांनी ती बदलावी. रस्त्याकडेला छोट्या टाक्या भरून देणाऱ्यांकडे जाऊ नये. अधिकृत विक्रेत्याकडे पाच किलोची टाकी मिळते. गॅसचा वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबू नये, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा वायू हवेपेक्षा जड असतो व जमिनीलगत साठतो, म्हणून फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते.

कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नका. गॅस बंद करा आणि मोठे झाकण किंवा ताट कडेने सरकवत कढईवर ठेवा.

पोहे भिजत घालू नयेत, चाळणीत धुऊन निथळत ठेवावेत. भाकरी पहिल्या महिन्यात करायला घेऊ नये, विकत आणावी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे धारोष्ण दूध तिथे उभे राहून प्यायला कितीही छान वाटले तरी ते कच्चे असते, खोलीवर आणल्यास लगेच उकळावे.

राहिला उरलेला भात. फ्रीज नसलेल्या खोलीत तो रात्रभर झाकून ठेवतात आणि सकाळी फोडणी देतात. शिजवताना तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत; कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणीच्या भातानंतर पोट बिघडण्यामागे अनेकदा हे कारण असते, तेलाचा किंवा मिरचीचा दोष नसतो. फ्रीज असेल तर भात पसरून निववावा आणि तासाभरात आत ठेवावा. फ्रीज नसेल तर दोघांना मिळून एक वाटी तांदूळ घ्या. कमी पडला तर सोबत पाव खाता येतो.