या चुका टाळा: कॉफीला चहासारखं वागवू नका

आपण बेळगावची मराठी माणसं मुळात चहावाली. आल्याचा चहा खळाखळा उकळला की आणखी रंगतो, पावडर जास्त पडली तर दूध वाढवून सावरता येतो, आणि पाहुणा दारात आल्यापासून पाच मिनिटांत कप त्याच्या हातात असतो. हीच सवय आपण कॉफीला लावतो. मग "हॉटेलासारखी घरात होतच नाही बघ" म्हणून कॉफीचा फिल्टर, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, माळ्यावर जातो. शहापुरात माझ्या ओळखीच्या निदान सहा घरांत असे फिल्टर धूळ खात पडलेत. त्यात फिल्टरचा काही दोष नाही.

आजीची जायफळ-वेलचीची दुधातली कॉफी वेगळी. कोजागरीला ती मीही करते. तिच्यात पावडर उकळलेली खपते, कारण तिथं राज्य जायफळाचं असतं. इथं मी बोलतेय ते डिकॉक्शनच्या कॉफीबद्दल, म्हणजे फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला दाट अर्क दुधात घालून केलेली. मला ती शिकवली शेजारच्या अक्कांनी. त्यांचं माहेर चिक्कमगळूरकडचं. बाबाबुडन यांनी येमेनहून सात बिया आणून ज्या डोंगरात पेरल्या असं सांगतात, तो डोंगर त्यांच्या अंगणातून दिसतो.

डिकॉक्शनची घाई करणं

ही सगळ्यात मोठी चूक. तीन वर्षांपूर्वी खानापूरला माझ्या भाच्याचा साखरपुडा होता. मुलीकडची मंडळी धारवाडची, पक्की कॉफीवाली. भाच्यानं हौसेनं भाजलेल्या बिया आणल्या आणि सकाळी सातला मिक्सरला लावल्या. मिक्सरचं पातं बी दळत नाही, नुसतं तोडतं. अर्धी पावडर मैद्यासारखी झाली, अर्धी रव्यासारखी. ती त्यानं दोन मोठ्या फिल्टरांत भरली, मुठीनं दाबली, वर छत्री (फिल्टरातली दांडीची भोकाभोकांची चकती) ठेवून परत दाबली आणि उकळतं पाणी ओतलं. नऊला मी पोचले तेव्हा खालच्या भांड्यात जेमतेम दोन बोटं डिकॉक्शन उतरलं होतं आणि भाचा उलथन्याच्या दांड्यानं फिल्टर ठोकत होता.

तेवढ्यात पाहुण्यांच्या गाडीनं वाटेतलं बिडी गाव सोडल्याचा फोन आला. वहिनींचा धीर सुटला. त्यांनी दोन्ही फिल्टरांतला ओला गाळ दुधाच्या पातेल्यात ओतला, दहा मिनिटं उकळला आणि फडक्यातून गाळून पेले भरले. विहीणबाईंनी एक घोट घेतला, पेला हळूच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चहा असला तर थोडा चालेल वो." माणसं भली, पुढं कुणी काही बोललं नाही. पण पहाटे चारपासून राबणाऱ्या वहिनींचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

आता यात काय काय चुकलं ते बघा. पीठ झालेल्या पावडरीचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. दाबलं की पाण्याला वाटच राहत नाही. ठोकल्यानं बारीक कण आणखी खाली बसतात. आणि उकळलं की कॉफीतला सगळा कडवटपणा, तुरटपणा दुधात उतरतो. तो मग साखरेनं जात नाही.

माझी रीत अशी. चार जणांना तीस ग्रॅम पावडर, दीडशे मिली पाणी. पावडर वरच्या भांड्यात टाकायची, भांडं एकदा हलकं हलवून ती सपाट करायची. छत्री नुसती टेकवायची, दाबायची नाही. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, त्यामुळं इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. कॉफीला नव्वदच्या वरचं आणि उकळीच्या जरा खालचं पाणी लागतं, म्हणून गॅस बंद करून मी अर्धा मिनिट थांबते. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी, परत अर्धा मिनिट, मग उरलेलं. झाकण लावलं की वीस मिनिटं तिकडं फिरकायचं नाही. पावडर आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, त्यामुळं खाली नव्वदेक मिलीच उतरतं. ते कमी दिसलं म्हणून वरून दुसरं पाणी ओतणारे पुष्कळ असतात. ते दुसरं पाणी म्हणजे कडू पाणी. चौघांना नव्वद मिली पुरतं.

वीस मिनिटं नसतील तर रात्री फिल्टर लावून झोपा. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी खुशाल इन्स्टंट प्यावी. ती आधीच काढून वाळवलेली कॉफी आहे, चमचाभर कोमट पाण्यात कालवून दूध ओतलं की झालं. पण इन्स्टंट फिल्टरमध्ये घालू नका. हेही मी पाहिलंय.

फिल्टर अडलाच तर ठोकू नका. दोन भांड्यांच्या मध्ये हवा कोंडते, वरचं भांडं केसभर उचलून परत ठेवलं की धार सुरू होते. रोजच अडत असेल तर भोकांत क्षार बसलेत. बोअरच्या पाण्याच्या घरांत हे हमखास होतं. लिंबू पिळलेल्या पाण्यात वरचं भांडं उकळायचं, मग उजेडाकडं धरून एकेक भोक टाचणीनं मोकळं करायचं.

डिकॉक्शन परत उकळणं

कधीच नाही. दूध उकळतं घ्या, त्यानंच ते गरम होतं. अगदीच थंडगार असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. दूधही एकदाच उकळलेलं हवं. सकाळपासून चारदा तापवलेल्या, सायीच्या दुधात कॉफी मरते.

किलोनं पावडर घेणं

स्वस्त पडते म्हणून अर्धा-एक किलो आणतात. दळलेल्या कॉफीचा वास पंधरा दिवसांत बराच उडतो. आणि आपला पाऊस! जून ते सप्टेंबर बेळगावात डब्यातलं मीठ सुद्धा पाझरतं, मग कॉफीचं काय? मी दर आठवड्याला शंभर ग्रॅम आणते, दुकानात समोर दळून घेते, "फिल्टरला" असं सांगून. स्टीलचा घट्ट डबा, कोरडा चमचा, आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढला की डब्याला आतून घाम येतो.

दुकानात "चांगली द्या" एवढंच म्हणू नका. दुकानदार प्लँटेशन, पीबेरी, चेरी असं विचारतो तेव्हा लोक गोंधळतात. प्लँटेशन म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, ही कॉफीची एक जात. चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोनाऐवजी एकच गोल बी भरलं ते. मी अर्धी प्लँटेशन, अर्धी पीबेरी घेते.

चिकोरीचा मला राग नाही. ते एक मूळ आहे, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नाही, पण रंग आणि दाटपणा येतो. ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी माझ्या घरी चालतं. राग येतो तो पाकीट न वाचणाऱ्यांचा. कायद्यानं 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि ती किती हे पाकिटावर छापावं लागतं. साठ-चाळीसचं पाकीट स्वस्त दिसलं म्हणून उचलायचं, मग कॉफीला वास नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

बाहेर पिताना

टिळकवाडीतल्या नव्या कॅफेंत पोरं लाटे मागवतात आणि "कडक नाही" म्हणून कुरकुरतात. लाटे आणि कॅपुचिनोत एस्प्रेसो, म्हणजे मशीननं दाबून काढलेली दाट कॉफी, तीच, लाटेत दूध जास्त. कडक हवी तर एस्प्रेसोचा आणखी एक शॉट सांगा. "एकदम गरम" मागू नका, 70 अंशांच्या वर दुधाचा गोडवा जातो. साखर टाकण्याआधी एक घोट घ्या. फोटो नंतर काढा, फेस बसतो तोवर.

उडप्याच्या हॉटेलात तर आधी बोलायला शिका. साखर आपोआप पडते आणि मागून तक्रार करून उपयोग नसतो. "स्ट्राँग, सक्करे कडिमे" एवढं कन्नड पुरतं. दोघं असाल तर बाय-टू, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत वाटून, मागायला लाजू नका, मोठा पेला एकट्यानं संपवताना शेवटचे घोट गारच होतात. मी सकाळी साडेआठच्या आत जाते. दुपारी चारला गेले तर काउंटरवर आधी विचारते, "डिकॉक्शन आत्ताचं आहे का, सकाळचं?" सकाळचं म्हणाले तर त्या दिवशी मी चहा घेते.