काटा लाल झाला म्हणून थर्मोस्टॅट काढला: गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

माझ्या डिझेल गाडीचा टेंपरेचरचा काटा पहिल्यांदा लाल पट्ट्यात गेला तो यवतेश्वरच्या घाटात. सप्टेंबरातला रविवार, कासची फुलं बघायला निम्मं पुणं आलेलं, आणि सगळ्या गाड्या पहिल्या गिअरात रांगत वर चाललेल्या. सोमवारी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने अर्ध्या तासात स्प्रिंग असलेला एक छोटा भाग काढून माझ्या हातात ठेवला. ‘‘थर्मोस्टॅट आहे साहेब. आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय? काढून टाकला. आता गाडी गरमच व्हायची नाही.’’

खरंच झाली नाही. पुढचे तीन-चार महिने काटा निम्म्याच्याही खाली पडून होता. ॲव्हरेज लिटरमागे दोन किलोमीटरनं घटलं, आणि डिसेंबरात महाबळेश्वरला बायकोनं हीटर लावायला सांगितला तर गार वारा आला. मूळ दुखणं भलतंच होतं: रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच, मधूनच दगा देत होता. एप्रिलमध्ये तो पुरता गेला आणि गाडी पोवई नाक्याच्या गर्दीत पुन्हा तापली.

तेव्हापासून मी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांचं निरीक्षण करतोय. बहुतेक चुका याच जातीच्या निघतात. गाडी काहीतरी सांगते आणि आपण तिचं तोंड बंद करतो.

गाडी कुठं तापते ते आधी बघा

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. कुलंट साधारण 82 ते 90 अंशांपर्यंत तापलं की तो उघडतो. तो काढला तर इंजिनला गरम व्हायला फार वेळ लागतो, गाडीचा कॉम्प्युटर समजतो की अजून थंडच आहे आणि डिझेल-पेट्रोल जास्त सोडत राहतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकूनही गाडी तापते, नाही असं नाही. पण तेव्हा तो बदलायचा, काढून ड्रॉवरमध्ये टाकायचा नाही.

निदान मात्र आपल्यालाच बऱ्यापैकी करता येतं. घाटात, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागल्यावर काटा खाली येतो? पंखा, त्याचा फ्यूज, रिले, सेन्सर बघा. वेगात वारा फुकट मिळतो, म्हणून तिथं दोष झाकला जातो. उलट कराडकडे 90-100 च्या वेगात तापते आणि गावात बरी चालते? मग रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंप दमलाय. कुलंट सारखं कमी होतंय, खाली थेंब नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसतोय? हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील, गेलंय. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. चालवत नेली की हेड वाकतं आणि बिलाला एक शून्य वाढतं.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल करा. उन्हाळ्यात अंगाची काहिली होते, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. त्यानंही काटा उतरला नाही तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पाऊण तास वडापाव खा. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत साधारण एक बार जादा दाब असतो, म्हणून तिथलं पाणी 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपास उकळतं. झाकण उघडताक्षणी दाब जातो आणि ते उकळतं पाणी तोंडावर येतं. ओला रुमाल टाकून झाकण फिरवणारे प्रत्येक घाटात भेटतात.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. माण-खटाव काय किंवा जतकडं काय, बोअरच्या पाण्यानं घरातल्या हंड्याला जो पांढरा थर धरतो, तोच आत धरतो. अडीअडचणीत ओतावंच लागलं तर आठवड्याभरात सगळं काढून कुलंट भरून घ्या.

उतारावर न्यूट्रल

पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात गाडी न्यूट्रल करणारे लोक मला अजून भेटतात. ‘‘तेवढंच तेल वाचतं.’’ वाचत नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार वाचत असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की कॉम्प्युटर इंधन बंदच करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला त्याला पुन्हा इंधन द्यावं लागतं. म्हणजे बचतीच्या नावाखाली खर्चच.

पण तेलाचं सोडा, ब्रेकचा हिशेब बघा. पाचगणी ते वाई उंचीत जवळपास पावणेसहाशे मीटरचा फरक आहे. माणसं धरून 1300 किलोची गाडी तेवढी खाली आणायची तर जी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते, ती होते साधारण दोन युनिट वीज. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात. बाकीची सगळी, न्यूट्रलमध्ये, ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन बसते. दोन युनिटमध्ये हजार वॉटची शेगडी दोन तास चालते!

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, आणि तिथं दुसरी चूक आपली वाट बघत असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल धरली की तोच आकडा 155 पर्यंत उतरतो. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. चार महिने पाऊस खाणाऱ्या महाबळेश्वर-जावळीच्या हवेत तर हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. मी विचारलंय अनेकांना. सहा वर्षांत एकदाही न बदलणारे निम्म्याहून जास्त.

ब्रेक ऑइलची पातळी कमी झाली की वरून ओतून मोकळं होणं ही याचीच धाकटी बहीण. पातळी हळूहळू उतरते, कारण ब्रेक पॅड झिजलेत आणि पिस्टन पुढं सरकलेत. वरून ओतलं की डॅशबोर्डचा दिवा विझतो, झिजलेले पॅड तसेच राहतात. पातळी एकदम उतरली तर गळती आहे, मग गाडी हलवायचीच नाही.

चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवायचा, हा जुन्या एसटी ड्रायव्हरांचा नियम आजही चालतो. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोडला टाकून दुसरा किंवा तिसरा धरा. ब्रेक दाबून न ठेवता, मारायचा आणि सोडायचा. चाकांतून जळका वास आला तर थांबा, आणि डिस्कवर पाण्याची बाटली रिकामी करू नका, डिस्क वाकते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक: पाचगणीच्या हॉटेलवर 100 टक्के चार्ज करून लगेच खाली निघू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही, त्यामुळे गाडी आपोआप धरून ठेवणारा तो सुखाचा ब्रेक बहुतेक मॉडेलांत कमी होतो.

चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्यांना सांगण्यासारखं फार नाही. हँडब्रेक त्याचसाठी दिलाय.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज

गाळप हंगाम सुरू झाला की इस्लामपूर-पलूस पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगची दुखणी वाढतात. ऊस तुटला की फडातले उंदीर बेघर होतात, आणि रात्री उबदार इंजिनासारखी खोली दुसरी नाही. माझ्या एका मित्राचा 10 अँपिअरचा, म्हणजे लाल फ्यूज दर दोन दिवसांनी उडायचा. पानटपरीशेजारच्या इलेक्ट्रिशियननं 20 चा पिवळा टाकून दिला. फ्यूज उडायचा थांबला. आठवड्यानं डॅशबोर्डमागून धूर आला. उंदरानं कुरतडलेली वायर बॉडीला चिकटत होती, एवढंच झालं होतं. फ्यूज वायरच्या ताकदीवरून ठरवलेला असतो. मोठा टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते.

बोनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवणं आपल्याकडे सर्रास चालतं. माझा अनुभव: पंधरा दिवस वास असतो तोवर उपयोग होतो, मग उंदीर त्यावरच झोपतात. एसीच्या हवेच्या वाटेवर बारीक तारेची जाळी आणि गाडी चार दिवस एका जागी उभी न ठेवणं, हे जास्त लागू पडलं.

दिवे, हॉर्न आणि बाकी हौस

वायरिंगवरून आठवलं. उसाच्या हंगामात रात्री तासगाव रस्त्यानं गाडी चालवणाऱ्याला जादा उजेड का हवा असतो ते मला कळतं. पुढं बिनदिव्याच्या दोन ट्रॉल्या कधी उगवतील सांगता येत नाही. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवला की उजेड वाढल्याचा भास होतो. बल्बमधली तार जिथं असायला हवी तिथं एलईडीचा चिप बसत नाही, उजेड विस्कटतो, निम्मा समोरच्याच्या डोळ्यांत आणि उरलेला बाभळीच्या शेंड्यावर. महाबळेश्वरच्या धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. 60/55 वॉटच्या जागी 100/90 चा बल्ब टाकायची युक्तीही जुनी. त्यानं होल्डर वितळतो.

आधी हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, लाइट योग्य उंचीला सेट करून घ्या, पुढची काच आतून पुसा. खर्च नगण्य. माझ्या गाडीला एवढ्यावरच फरक पडला. तरी कमी वाटलं तर वेगळे दिवे रिलेवरून, स्वतंत्र फ्यूज टाकून, मूळ वायरिंग न कापता. वायर कापली की त्या भागाच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

सीट कव्हर निवडताना सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेलं लेबल आहे का बघा. असेल तर तिथं शिवण मोकळी ठेवलेलं कव्हरच चालतं. बुलगार्डवर 2017 पासून बंदी आहे, आणि ते चेसिसला बोल्ट केलं की धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपायला हवा तसा चेपत नाही. जाड गालिच्यासारखं मॅट ॲक्सिलरेटरखाली दुमडतं. हे तीन प्रकार मला शोरूममधून निघून आठवडा न झालेल्या गाडीतही दिसले आहेत.

चेक इंजिनचा दिवा आणि पेट्रोलमधला ऊस

आता शंभरेक रुपयांत कुणीही स्कॅनर लावून दिवा ‘क्लिअर’ करून देतो. करू द्या, पण आधी स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडचा फोटो काढून ठेवा. तोच कोड पंधरा दिवसांत परत आला तर निम्मं निदान झालेलं असतं. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला तर तो मात्र गॅरेजशिवायही जातो बहुतेकदा: हायवेला लागा आणि वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगानं चालवा, आतली काजळी जळते. रोज घर ते दुकान दोन किलोमीटर असलेल्यानं डिझेल का घ्यावं, हा प्रश्न मी इथं विचारत नाही.

पेट्रोलवाल्यांची सध्याची तक्रार ॲव्हरेजची. 20 टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. थोडं ॲव्हरेज घटणारच. त्यासाठी पंपावर मिळणाऱ्या ॲडिटिव्हच्या बाटल्या टाकीत ओतू नका. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासा, पेट्रोलचा वास आला तर लगेच. आपल्याच कारखान्यांत बनलेलं इथेनॉल असल्यानं इथं त्याला नावं ठेवायची चोरी आहे, तो भाग वेगळा.

पाण्यात उभी राहिलेली गाडी

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. माझ्या मेव्हण्याची गाडी चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरलं, गाडी बाहेरून धुतली, आणि त्याचा फोन आला, ‘‘दाजी, एकदा स्टार्टर मारून बघू का?’’ मी नको म्हणेपर्यंत त्यानं मारला होता.

सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर जायला बघतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा होता, पण इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नव्हतं. कंपनीनं सीट, वायरिंग, कार्पेटचे पैसे दिले आणि इंजिनाचे नाकारले. पाण्यानं नव्हे, तुम्ही चालू केल्यानं झालं म्हणाले.

म्हणून चावी हातात घेऊच नका. पुशबटण असेल तर नुसतं इग्निशनही नको. जमलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला सांगा. गॅरेजमध्ये प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवू द्या. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळी ऑइलं बदला. चालत्या गाडीला पाणी लागलं आणि ती बंद पडली, तरी हाच नियम.

मेव्हण्यानं पुढच्या गाडीला ॲड-ऑन घेतलंय. शिवाय कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की पातळी चाळीसवर जायची वाट न बघता तो गाडी मिरजेला मावशीच्या दारात लावून एसटीनं परत येतो. 2021 ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा ती तिथंच होती, वर चादर टाकलेली.