डॉसचा मेन्यू बांधताना: आधी चौकटींचा कागद, मग कीबोर्ड

मेन्यू करायचा म्हटलं की मी आधी गणिताच्या वहीतलं चौकटींचं पान काढतो. आडवी ८० घरं, उभी २५. डॉसची, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या संगणक प्रणालीची, मजकुराची स्क्रीन एवढीच, आणि एका घरात एकच अक्षर. त्यामुळे पेन्सिलीने जे पानावर नीट बसतं, ते स्क्रीनवरही बसतं.

मात्र ८० घरं आहेत म्हणून ८०च्या ८० भरू नका. माझी पहिली चौकट मी हौसेने पूर्ण रुंदीची केली होती. टाइप कमांडने फाइल दाखवली, तर प्रत्येक ओळीखाली एक रिकामी ओळ, आणि उभ्या रेघा मध्येमध्ये तुटलेल्या. ऐंशीवं अक्षर पडलं की कर्सर आपणहून खालच्या ओळीवर जातो. मग फाइलमधला एंटर त्याला आणखी एक ओळ खाली ढकलतो. म्हणून रुंदी जास्तीत जास्त ७९. मी ५० घरांची चौकट घेतो आणि डावीकडे १५ घरं सोडतो, ती बरोबर मधोमध येते. उंचीचंही तेच: २५ ओळी भरल्या की शेवटच्या एंटरला वरची कड स्क्रीनबाहेर सरकते. शिवाय खाली प्रश्नाला जागा हवीच. वीस ओळींत काम भागवा.

रेघा काढायला ऑल्ट दाबून ठेवायचं आणि उजवीकडच्या नंबर पॅडवर आकडा टाकायचा. दुहेरी रेघेसाठी वरचे कोपरे २०१ आणि १८७, खालचे २०० आणि १८८, आडवी रेघ २०५, उभी १८६. शीर्षकाखाली एकेरी आडवी रेघ हवी असेल तर १९६, आणि ती दुहेरी उभ्या रेघेला जिथे भिडते तिथे डावीकडे १९९, उजवीकडे १८२. हे दोन सांधे बरेच जण विसरतात आणि चौकट उसवल्यासारखी दिसते. फाइल डॉसच्याच ‘एडिट’ या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहा. आजच्या एडिटरमध्ये ती यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची आजची पद्धत) म्हणून सेव्ह झाली, तर एकेका रेघेचे तीन बाइट होतात आणि डॉसमध्ये रेघेच्या जागी तीन भलतीच चिन्हं उमटतात.

आता बॅच फाइल, म्हणजे डॉसने ओळीने पाळायच्या कमांडची फाइल. एमएस-डॉस ६ पासून बटण दाबायची वाट बघणारी चॉइस कमांड मिळते. तिला १, २, ३ आणि ० ही बटणं दिली, की दाबलेलं बटण यादीत कितवं आहे तो आकडा ती एररलेव्हलमध्ये, म्हणजे कमांडच्या निकालाच्या आकड्यात, ठेवते. म्हणजे ० दाबलं तर ४. इथे नीट लक्ष द्या: ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ ‘१ असेल तर’ असा नाही, ‘१ किंवा त्याहून मोठा असेल तर’ असा आहे. मी तपासणी १ पासून सुरू केली होती, त्यामुळे कुठलंही बटण दाबलं तरी पहिला पर्याय, म्हणजे बिलाचाच प्रोग्रॅम उघडायचा. तपासणी मोठ्या आकड्यापासून खाली यायला हवी: आधी ४, मग ३, मग २, शेवटी १. आणि ‘बाहेर पडा’ नेहमी यादीच्या शेवटी ठेवा. चॉइसला काही चूक आढळली तर ती २५५ देते, आणि तो आकडा पहिल्याच तपासणीत पकडला जातो. अशा वेळी माणूस मेन्यूबाहेर पडला तर काही बिघडत नाही. तिथे ‘जुनी नोंद पुसा’ असतं तर?

मेन्यूतून दुसरी बॅच फाइल चालवताना तिच्या नावाआधी कॉल लिहा. नाहीतर ती संपल्यावर मेन्यू परत येत नाही, कमांडची वाट बघणारा नुसता प्रॉम्प्ट (C:\>) उरतो.

क्रमांकांबद्दल माझा आग्रह आहे. आमच्याकडे नोंदी करणाऱ्या ताई स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत, डोळे व्हाउचरवर आणि बोटं कीबोर्डवर. एकदा मी नवा पर्याय मध्ये घुसवला आणि ३ चा ४ झाला. त्या दिवशी त्यांच्या सात नोंदी भलत्या खात्यात गेल्या. तेव्हापासून नवा पर्याय आला की त्याला नवा क्रमांक, जुन्यांना हात लावायचा नाही.

रंगाचं गणित सोपं आहे, प्रत्येक घराच्या रंगाचा एकच आकडा असतो. पार्श्वभूमीचा आकडा गुणिले १६, अधिक अक्षराचा आकडा. निळा १, पांढरा १५, म्हणून निळ्यावर पांढरं म्हणजे ३१. पिवळा १४, म्हणजे ३०. त्यात १२८ मिळवले की अक्षर लुकलुकतं. ते फक्त धोक्याच्या सूचनेला वापरा, दिवसभर लुकलुकणारी ओळ डोळ्यांना सहन होत नाही.

पर्याय वाढले, उजळ पट्टी बाणांनी खाली-वर हलवायची असली, की बॅच फाइल सोडा. क्लिपर किंवा फॉक्सप्रो या नोंदींचे प्रोग्रॅम लिहायच्या भाषांमध्ये ‘प्रॉम्प्ट’ कमांडच्या ओळी आणि खाली एक ‘मेन्यू टू’ एवढ्यात ती पट्टी तयार मिळते. फॉक्सप्रो २.० मध्ये तर स्क्रीन बिल्डरच आहे: रकाने मांडा, सरकवा, आणि तो त्या स्क्रीनच्या कोडची एसपीआर फाइल लिहून देतो. त्या फाइलमध्ये हाताने दुरुस्ती करू नका. स्क्रीन पुन्हा जनरेट केली की ती दुरुस्ती पुसली जाते. तुमचा कोड बिल्डरमधल्या स्निपेटच्या (कोडच्या छोट्या तुकड्याच्या) खिडकीतच लिहा, म्हणजे दर वेळी तो नव्या फाइलमध्ये आपोआप येईल.